पायातील कडे : पाणथळीतील लहान पक्ष्यांच्या प्रवासाचा शोध

पावसाळा सरतो, शेतांतील पाणी ओसरू लागते आणि भारतातील तळी, मिठागरे, खाड्यांचे चिखल व नदीकाठची बोरूची बने यांवर नव्या पाहुण्यांची गर्दी होऊ लागते. बदके, हंस व क्रौंच यांसारखे मोठे पक्षी सहज नजरेत भरतात. परंतु त्यांच्याबरोबरच, किंबहुना पुष्कळदा त्यांच्या आधीच, चिमणीएवढे किंवा तिच्याहूनही लहान असे असंख्य पक्षी येऊन दाखल झालेले असतात. चिखलाच्या कडेने लगबगीने चोच मारीत धावणारा छोटा टिलवा, शेपटी सारखी वरखाली हलविणारा पिवळा धोबी, बोरूच्या दाटीत लपून बसणारा वटवट्या ही त्यांची काही उदाहरणे होत. उन्हाळा वाढू लागला की हे सर्व पक्षी पुन्हा दिसेनासे होतात.

हे पक्षी येतात कोठून आणि जातात कोठे? या वर्षी तळ्यावर आलेला टिलवा गतवर्षी आलेलाच असतो, की दुसराच कोणी? वाटेत ते कोठे थांबतात आणि त्यांपैकी किती परत पोहोचतात? हे प्रश्न दिसावयास साधे आहेत. परंतु त्यांची खात्रीलायक उत्तरे मिळू लागण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ती उत्तरे ज्या साधनाने दिली ते साधन म्हणजे धातूचे एक लहानसे कडे होय.

जुन्या कल्पना

पक्षी ऋतुमानाप्रमाणे नाहीसे होतात, हे मनुष्याच्या ध्यानात फार प्राचीन काळीच आले होते. ते का नाहीसे होतात, याविषयी मात्र तर्कच चालत. ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने काही पक्षी हिवाळ्यात ढोलीत निद्रिस्त होऊन पडतात असे लिहून ठेविले. सोळाव्या शतकात स्वीडनमधील ओलाउस मॅग्नुस या धर्मगुरूने तर पाकोळ्या पाण्याखाली हिवाळा काढतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात कधी कधी त्यांचे गोळेच्या गोळे येतात, असे सांगितले. आपल्याकडील संस्कृत कवी हंस मानससरोवराकडे जातात असे वर्णन करीत आले. हिमालयापलीकडे पक्ष्यांचे येणे-जाणे असते ही जाणीव त्या वर्णनामागे निश्चितच दिसते.

मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत कधी कधी अनपेक्षितपणे पुरावाही हाती लागे. १८२२ मध्ये उत्तर जर्मनीतील क्ल्युट्झ या गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील बनावटीचा एक लांब भाला रुतलेला होता. आफ्रिकेत घायाळ झालेला तो पक्षी तसाच उडत युरोपात परत आला होता! परंतु वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या पक्ष्याने असा पुरावा कोठून आणावा? शिवाय असे अनेक लहान पक्षी रात्रीच्या अंधारात उंचावरून प्रवास करतात. त्यांचे थवे कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत. त्यांच्या बाबतीत खूण निसर्गाकडून मिळण्याची वाट पाहणे व्यर्थ होते. ती मनुष्यानेच घालणे भाग होते.

एका शिक्षकाची युक्ती

ही खूण पद्धतशीरपणे घालण्याचा मान डेन्मार्कमधील व्हिबोर्ग या गावच्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाकडे जातो. त्याने प्रथम जस्ताची कडी वापरून पाहिली. परंतु ती जड होती व पक्ष्यांना त्यांचा त्रास होई. सुदैवाने विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम काढण्याची रीत १८८६ मध्ये सापडली होती आणि ही हलकी धातू आता स्वस्त झाली होती. मॉर्टेन्सनने तिची कडी बनविली, प्रत्येक कड्यावर क्रमांक व ठिकाण कोरले आणि १८९९ मध्ये मैनेच्या कुळातील १६५ 'स्टार्लिंग' पक्ष्यांच्या पायांत ती घालून त्यांना सोडून दिले. थोड्याच वर्षांत ही पद्धत इतर देशांनी उचलली. तिला इंग्रजीवरून 'रिंगिंग' म्हणतात. मराठीत 'वलयांकन' असा शब्द योजिला जातो.

या युक्तीचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. कडे घालण्यापूर्वी टिलवा हा हजारो टिलव्यांपैकी एक असतो. एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याचा उपाय नसतो. कडे घातल्यावर तो एक विवक्षित पक्षी होतो. जगात त्या क्रमांकाचे त्या संस्थेचे दुसरे कडे नसते. यापुढे तो जेथे कोठे, जेव्हा केव्हा आढळेल, तेथे दोन ठिकाणे व दोन तारखा यांचा सांधा जुळतो. पक्ष्याच्या प्रवासाविषयीचे ज्ञान अशा सांध्यांचेच बनलेले असते.

पक्षी पकडावा कसा?

लहान पक्षी इजा न होता पकडणे हे या कामातील पहिले कौशल्य होय. त्यासाठी बहुधा 'मिस्ट नेट' नावाचे जाळे वापरतात. त्याचे काळे धागे इतके बारीक असतात की झाडीच्या पार्श्वभूमीवर ते दिसत नाही. दोन काठ्यांमध्ये हे जाळे भिंतीसारखे उभे करतात आणि त्यातून आडव्या दोऱ्या ओवलेल्या असतात. पक्षी जाळ्यावर आदळला की दोरीखालच्या सैल झोळीत अलगद पडतो. वटवट्यांसाठी हे जाळे पहाटे बोरूच्या बनातील अरुंद वाटेत लावतात. चिखलावरच्या पक्ष्यांसाठी ते उथळ पाण्यात, अंधाऱ्या रात्री लावावे लागते. जाळी थोड्या थोड्या वेळाने तपासावी लागतात. पाऊस, कडक ऊन किंवा जोराचा वारा असेल तर ती गुंडाळून ठेवतात. कारण अडकलेला लहान पक्षी ओल, ताप वा थंडी फार वेळ सोसू शकत नाही.

भारतात या कामाला आणखी एक जुनी विद्या उपयोगी पडली. बिहारमधील मीरशिकार लोक पिढ्यान्पिढ्या पक्षी धरण्याचा व्यवसाय करीत आले होते. दोऱ्यांचे फासे, झडप घालणारी जाळी आणि पक्ष्याला न बुजविता हळूहळू इष्ट जागी वळविण्याची कला ही त्यांची साधने होत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या कसबी लोकांना आपल्या वलयांकनाच्या शिबिरांत कामास घेतले. जी विद्या पूर्वी पक्षी बाजारात नेण्यासाठी वापरली जात होती, ती आता त्यांना ओळख देऊन मोकळे सोडण्यासाठी वापरली जाऊ लागली.

कडे घालताना

जाळ्यातून काढलेला पक्षी कापडी पिशवीत ठेवून नोंदीच्या जागी आणतात. अंधारात तो शांत राहतो. प्रथम तो कोणत्या जातीचा आहे हे ठरवून त्याच्या पायाच्या जाडीप्रमाणे योग्य मापाचे कडे निवडतात. ते विशिष्ट पकडीने असे मिटवितात की ते पायाभोवती मोकळेपणी फिरावे, परंतु सांध्यावर चढू नये व निसटूनही जाऊ नये. वटवट्याच्या पायातील कडे एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही हलके असते.

यानंतर मोजमापे होतात. पंखाची व चोचीची लांबी मोजतात. पक्ष्याचे वजन करतात. जुनी पिसे गळून नवी कोणती आली आहेत ते पाहतात आणि त्यावरून शक्य तेथे वयाचा अंदाज करतात. गळ्याखालच्या खळगीवरील पिसे हळूच फुंकरीने बाजूला केली की पातळ त्वचेतून पिवळसर चरबी दिसते. ही चरबी म्हणजे त्याच्या पुढील प्रवासाची शिदोरीच होय. ती किती साठली आहे याचीही नोंद होते. हे सर्व काही मिनिटांत उरकून पक्ष्याला सोडून देतात.

नोंद ठेवणाऱ्याची जबाबदारी जाळे लावणाऱ्याइतकीच मोठी असते. क्रमांकातील एक आकडा चुकला तर त्या पक्ष्याची माहिती दुसऱ्याच्या नावावर जमा होते. कोरी जागा निदान आपले अज्ञान तरी दाखविते. चुकीचा आकडा खोटे ज्ञान निर्माण करतो. म्हणून क्रमांक मोठ्याने वाचणे, लिहिणाऱ्याने तो पुन्हा उच्चारणे आणि सोडण्यापूर्वी तो एकदा पडताळून पाहणे, ही शिस्त पाळावी लागते.

भारतातील कार्य

आपल्या देशात वलयांकनाचा आरंभ १९२६-२७ च्या सुमारास मध्य भारतातील धार संस्थानात, तेथील महाराजांच्या आश्रयाने झाला. त्या वेळी मुख्यतः बदकांच्या पायांत कडी घातली गेली. लहान पक्ष्यांकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष गेले ते मात्र एका रोगामुळे.

१९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि जवळच्या खेड्यांतील माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील संशोधकांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. तो गोचिडींमार्फत पसरत होता. हाच रोग आज 'माकडताप' या नावाने ओळखला जातो आणि अलीकडच्या काळात गोव्यात व महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही त्याने माणसे दगावली आहेत. हा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला असल्याचे दिसून आले. तेव्हा साहजिकच शंका उद्भवली की, उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर तर हा रोग भारतात आला नसेल ना?

या शंकेचे निरसन करावयाचे तर कोणते पक्षी कोठून येतात हे आधी कळले पाहिजे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्षिस्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. १९६३ ते १९७१ या काळात आशियातील अनेक देशांत एच. इलियट मॅक्क्ल्यूर या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली अशीच एक व्यापक योजना चालली. तीत दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी घातली गेली. पक्ष्यांनी माकडतापाचा विषाणू बाहेरून आणला असे काही सिद्ध झाले नाही. परंतु या निमित्ताने धोबी, वटवटे, टिलवे व तुतारी यांसारख्या उपेक्षित पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. राजस्थानातील भरतपूर, ओडिशातील चिलिका सरोवर आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडिक्कराई ही या कार्याची प्रमुख केंद्रे ठरली.

कोडिक्कराईच्या मिठागरांत हिवाळा काढणाऱ्या छोट्या टिलव्याचेच उदाहरण घ्या. त्याचे वजन साधारणतः वीस ते तीस ग्रॅम असते. तो अंडी घालतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सहा हजार किलोमीटरांहून अधिक भरते, आणि ते तो वर्षातून दोनदा कापतो.

अल्प उत्तरे व त्यांचा अर्थ

कडे घातलेला प्रत्येक पक्षी पुन्हा हाती लागतो अशी समजूत कोणी करून घेऊ नये. लहान पक्ष्यांच्या बाबतीत शंभर कड्यांपैकी एकाचीही वार्ता दूरवरून न येणे हाच सर्वसाधारण अनुभव आहे. पक्षी मरतो तो झुडपात, वाळवंटात किंवा समुद्रात. त्याचे इवलेसे कडे कोणाला दिसणार? दिसले तरी ते वाचून, दिलेल्या पत्त्यावर कळविणारा माणूस भेटला पाहिजे.

यातून एक सावधगिरीची गोष्ट उद्भवते. कडी जेथे सापडतात तेथे पक्षी असतात हे खरे; परंतु जेथे सापडत नाहीत तेथे पक्षी नसतात असे म्हणता येत नाही. शिकारी, कोळी वा शेतकरी यांची वस्ती जेथे दाट, तेथून वार्ता अधिक येतात. ओसाड पठारावरून एकही वार्ता आली नाही तरी तेथून लाखो पक्षी जात असू शकतील. संशोधकाला नकाशावरील ठिपके पाहताना माणसांची वस्तीही विचारात घ्यावी लागते.

कडे घातले त्याच ठिकाणी तोच पक्षी पुन्हा जाळ्यात सापडणे हेही मोलाचे असते. हजारो किलोमीटर जाऊन आलेला पक्षी वर्षानुवर्षे त्याच तळ्यावर, कधी कधी बोरूच्या त्याच बेटात परत येतो, हे अशाच पुनर्भेटींतून सिद्ध झाले आहे. यांतून पक्ष्यांच्या जगण्याचे प्रमाणही काढता येते. समजा, एका तळ्यावर या वर्षी शंभर वटवट्यांना कडी घातली आणि पुढील वर्षी तितक्याच मेहनतीने जाळी लावली असता त्यांपैकी वीस पुन्हा सापडले. पुढे एखाद्या वर्षी असे केवळ आठच सापडले, तर मधल्या काळात कोठे तरी काही तरी बिघडले आहे हे उघड होते. हे 'कोठे तरी' नेमके कोठे, हा खरा प्रश्न असतो.

तराजूने सांगितलेली गोष्ट

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर युरोपातील बोरूच्या बनांतून मिळाले. तेथे 'सेज' व 'रीड' या नावांचे दोन वटवटे उन्हाळ्यात घरटी करतात आणि हिवाळ्यासाठी सहारा वाळवंटापलीकडे आफ्रिकेत जातात. दोघेही वजनाने दहा-बारा ग्रॅमचे. परंतु इंग्लंड, फ्रान्स व पोर्तुगाल या देशांत त्यांना पकडून, कडी घालून व वजने करून पाहिल्यावर दोघांच्या प्रवासाच्या रीती अगदी भिन्न असल्याचे आढळले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे विस्ताराने मांडले आहे.

'सेज' वटवट्या उन्हाळ्याच्या अखेरीस दक्षिण इंग्लंड व फ्रान्स येथील बोरूवर पडणारा मावा खाऊन खाऊन लठ्ठ होतो. काहींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. मग ही चरबी जाळीत तो भूमध्य समुद्र व सहारा वाळवंट एकाच झेपेत ओलांडतो. 'रीड' वटवट्या मात्र नाना प्रकारचे कीटक खातो व टप्प्याटप्प्याने दक्षिणेस सरकतो. मोठी शिदोरी तो स्पेन, पोर्तुगाल व उत्तर आफ्रिका येथे पोहोचल्यावर बांधतो. याचा अर्थ असा की, 'सेज' वटवट्याच्या दृष्टीने माव्याने भरलेले बोरूचे एखादे बन हे वाळवंटाच्या अलीकडचे शेवटचे अन्नछत्र असते. ते बन उन्हाळ्यात तोडले किंवा त्याचे पाणी आटविले, तर नकाशावर एक हिरवा ठिपका तेवढा कमी होतो. पण वटवट्याच्या लेखी वाळवंट ओलांडण्याची ताकदच नाहीशी होते.

पुढचा धागा याहून लांबवर गेला. १९६८ नंतर ब्रिटनमध्ये 'सेज' वटवट्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली. घरट्यांच्या जागा तर जशाच्या तशा होत्या. तेव्हा अनेक वर्षांच्या पुनर्भेटींवरून दर वर्षी किती पक्षी जगले याचे प्रमाण काढण्यात आले आणि ते पश्चिम आफ्रिकेतील पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. दोहोंचा स्पष्ट मेळ दिसून आला. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण सीमेवर अवर्षण पडले, तेथील पाणथळी आटल्या, की पुढील वसंतात ब्रिटनमधील बोरूत गाणारे वटवटे कमी होत. ही गोष्ट १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका देशातील पक्ष्यांच्या मरणाचे कारण दुसऱ्या खंडातील पावसात सापडावे, ही किमया कड्यावरील क्रमांक व वहीतील नोंदी यांनी केली.

भारतालाही हाच न्याय लागू पडतो. आपला देश मध्य आशियाई उड्डाणमार्गावर वसलेला आहे. सुमारे तीस देशांवरून जाणारा हा मार्ग ध्रुवीय प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरला आहे. येथील एखादे तळे बुजविले गेले तर त्याचा परिणाम टुंड्रातील घरट्यांवर होऊ शकतो, आणि तेथील बदलांचा परिणाम आपल्या मिठागरांवर दिसू शकतो.

हरवलेल्या वटवट्याचा शोध

वलयांकनाने केवळ मार्गच सापडतात असे नाही. एकदा तर हरवलेली संपूर्ण जातच सापडली. ही हकीकत भारतातूनच सुरू होते.

अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून वाचकांस परिचित असेल. ते पक्षिशास्त्राचेही मोठे अभ्यासक होते. १३ नोव्हेंबर १८६७ रोजी त्यांनी सतलज नदीच्या खोऱ्यात, सध्याच्या हिमाचल प्रदेशातील रामपूरजवळ, एक तपकिरी वटवट्या मिळविला. त्याची चोच नेहमीच्या बोरू-वटवट्यांपेक्षा मोठी होती. ह्यूम यांनी ती नवी जात म्हणून नोंदविली आणि पुढे तो नमुना इंग्लंडच्या वस्तुसंग्रहालयात गेला. त्यानंतर मात्र असा जिवंत पक्षी कोणालाही ओळखता आला नाही. एकाच नमुन्यावरून जात मानावी काय, हा एखादा विचित्र ठेवणीचा सामान्य वटवट्याच तर नसेल ना, असा वाद चालत राहिला. २००२ मध्ये त्या जुन्या कातड्यातील आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डी.एन.ए.ची, तपासणी झाली आणि ही स्वतंत्र जात असल्याचे ठरले. परंतु ती पृथ्वीवर शिल्लक होती काय?

२७ मार्च २००६ रोजी थायलंडमधील लेम फाक बिया येथे फिलिप राउंड हे पक्षितज्ज्ञ वलयांकन करीत होते. हे ठिकाण मोठे गमतीचे आहे. तेथे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र असून त्याभोवती पाणथळ जागा आहे. जाळ्यात आलेल्या एका वटवट्याची चोच त्यांना असाधारण मोठी वाटली, तर पंख आखूड वाटले. त्यांनी मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, तपासणीसाठी पिसांचा नमुना घेतला आणि कडे घालून पक्ष्याला सोडून दिले. नमुना स्वीडनमधील लुंड विद्यापीठात स्टाफान बेन्श यांच्याकडे गेला. ह्यूम यांच्या नमुन्याशी तो तंतोतंत जुळला. सुमारे १३९ वर्षांनी मोठ्या चोचीचा बोरू-वटवट्या जिवंत सापडला होता!

पुढे अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वाखानच्या डोंगराळ प्रदेशात २००८ मध्ये नदीकाठच्या झुडपांत एका अनोळखी वटवट्याचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. २००९ मध्ये तेथे जाळी लावून पक्षी पकडण्यात आले आणि पिसांच्या तपासणीवरून ते याच जातीचे असल्याचे सिद्ध झाले. हीच त्याची घरट्यांची भूमी होती. आता सतलजच्या खोऱ्यातील त्या नोव्हेंबर महिन्यातील पक्ष्याचाही उलगडा होतो : तो बहुधा हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघालेला वाटसरू असावा.

या शोधात दुर्बिणीचा उपयोग थोडा होता. बोरूच्या दाटीत हे तपकिरी वटवटे दुरून एकमेकांपासून ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. पक्षी हातात आला, चोच व पंख मोजले गेले आणि मोजणाऱ्याने 'हा थोडा वेगळा असेल' म्हणून तो प्रश्न झटकून टाकला नाही, म्हणूनच ही जात पुन्हा विज्ञानाच्या नोंदवहीत आली.

नवी साधने, जुने कडे

आज पक्ष्यांचा माग काढण्याची अनेक साधने उपलब्ध आहेत. मोठ्या पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसविता येते. परंतु पक्ष्यावर लादलेले ओझे त्याच्या वजनाच्या शेकडा तीन ते पाच या मर्यादेत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पंचवीस ग्रॅमच्या टिलव्याला या हिशेबाने जेमतेम एक ग्रॅमच पेलेल. वटवट्याला तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

एवढ्या हलक्या वजनात बसणारे एक साधन म्हणजे प्रकाशाची नोंद करणारे यंत्र होय. सूर्य केव्हा उगवला व केव्हा मावळला हे त्यात नोंदले जाते, आणि त्यावरून पक्षी कोठे होता याचा स्थूल अंदाज करता येतो. परंतु ही नोंद वाचण्यासाठी पुष्कळदा तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. चिखलावरच्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत, अक्षरे लिहिलेले प्लास्टिकचे झेंडेही बसवितात. ते दुर्बिणीतून वाचता येत असल्याने पक्षी पुन्हा पकडण्याचे कारण उरत नाही. ही साधने धातूच्या कड्याला पूरक आहेत. झेंडा कालांतराने फिका पडतो वा गळतो, यंत्रातील विद्युत्घट संपतो. क्रमांकाचे कडे बहुधा पक्ष्याच्या आयुष्यभर टिकते.

कडे सापडल्यास काय करावे?

पक्षी पकडून कडे घालणे हे प्रशिक्षित माणसांचेच काम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी शासनाची परवानगीही लागते. अननुभवी हातांत पक्ष्याचा पाय किंवा पंख मोडण्यास क्षणही लागत नाही. तेव्हा हौसेखातर असा प्रयोग कोणीही करू नये.

परंतु कडे वाचून कळविणे हे काम विद्यार्थी, शेतकरी, कोळी, मिठागरातील कामगार असे कोणीही करू शकतो. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडे आढळल्यास त्यावरील सर्व अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरून घ्यावेत, शक्य तर छायाचित्र काढावे. तारीख, गावाचे व जवळच्या तळ्याचे किंवा नदीचे नाव आणि पक्षी कोणत्या स्थितीत सापडला ते लिहावे. पक्षी जिवंत असेल तर कडे काढू नये. क्रमांक टिपून घेऊन त्याला जाऊ द्यावे. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्याच्या पायात रंगीत झेंडा दिसला तर त्याचा रंग, तो कोणत्या पायात व सांध्याच्या वर की खाली आहे, आणि वाचता आल्यास त्यावरील अक्षरे टिपावीत. ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावी. कडे परदेशातील असले तरी ती संस्था मूळ केंद्राशी संपर्क साधू शकते.

कडे घालणारा मनुष्य अर्धीच नोंद लिहितो. उरलेली अर्धी कोण लिहील, कोणत्या देशात व कोणत्या भाषेत लिहील, हे त्याला ठाऊक नसते. पुष्कळ नोंदी अपुऱ्याच राहतात. जी एखादी पूर्ण होते, तिच्यामुळे दोन दूरच्या पाणथळी एकाच पक्ष्याची दोन घरे असल्याचे उमगते आणि त्यांपैकी एक राखावयाची तर दुसरीही राखली पाहिजे, हे सांगण्यास आधार मिळतो.